सुभेदारांच्या घरी माईक

बैलगाडी पळते तो वेळ म्हणजे बशीतला चहा फुंकून तोंडाला लावेपर्यंतचा. पुढच्या गाड्या जुंपून रेषेवर उभ्या राहीपर्यंत मात्र आख्खी किटली संपते. माझा सगळा धंदा त्या किटलीच्या वेळातला. सातारा-सांगलीच्या पट्ट्यात जिथं शर्यतीचं मैदान भरतं, तिथं मंडपात एक माणूस दिवसभर माईकला चिकटलेला असतो आणि त्याचा आवाज तिसऱ्या गावापर्यंत जातो. तो मी. लोक मला चाचा म्हणतात. नाव रसूल आहे, पण ते आता रेशनकार्डापुरतं उरलंय.

ज्यांनी मैदान पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मैदान म्हणजे नांगरून, फळी मारून सपाट केलेलं लांबलचक रान. त्यात शेजारी शेजारी वाटा आखलेल्या, त्यांना आम्ही फाटी म्हणतो. एका फाटीत एक छकडा, छकड्याला दोन बैल, वर एक ड्रायव्हर. अशा एका वेळी सुटणाऱ्या गाड्यांचा एक गट. झेंडा पडला की सगळे एकदम सुटतात. गटात पहिला येतो तो पुढच्या फेरीत जातो, बाकीचे पिकअपमध्ये चढून घरी जातात. संपलं. यात न समजण्यासारखं काही नाही, म्हणूनच समालोचक लागतो.

पळणाऱ्या बैलाचं वर्णन करायला अक्कल लागत नाही, छाती लागते. कसब आहे ते मधल्या वेळात. त्या वेळात मालकाची ओळख करून द्यायची. कोण, कुठला, आणि बैल का पळवतो. हे ‘का’ फार महत्त्वाचं. वर्षभर बैलाला दूध पाजायचं, अंडी चारायची, उडदाचं पीठ कालवून घालायचं, माशा बसू नयेत म्हणून त्याच्या डोक्यावर पंखा फिरवायचा आणि एका दुपारी त्याला चिमूटभर वेळ पळवायचं, हे काही शहाण्या माणसाचं लक्षण नव्हे. तेव्हा कारण जोडावं लागतं. माझ्याकडं तीन कारणं तयार असत : हौस, वडिलांचं नाव आणि गावाची इज्जत. मालकाचा शर्ट भारी असला तर हौस. मिशा पांढऱ्या असल्या तर गावाची इज्जत. उरलेल्यांना वडील. एवढी वर्षं मी ही वाटणी केली, पण कुणी तक्रार घेऊन आलं नाही.

नाही म्हणायला एकदा घोळ झाला. मलकापूरचा एक फर्निचरवाला पहिल्यांदाच गाडी घेऊन आला होता. शर्ट साधा, मिशा नाहीत, म्हणून मी त्याला वडील दिले. पण त्या दिवशी माझा आवाज लागला होता, बोलण्याच्या भरात मी एक पायरी वर चढलो. म्हणालो, “वडिलांची अखेरची इच्छा पुरी करण्यासाठी हा लेक आज मैदानात उतरलाय!” लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेत भडंग खात बसलेला एक म्हातारा उठला आणि काठी टेकत मंडपाकडं यायला लागला. तोच तो वडील. आता आपलं काही खरं नाही, असं म्हणून मी माईकची वायर गुंडाळायला घेतली.

म्हातारा वर आला, दम खाल्ला आणि म्हणाला, “इच्छा माझीच हाय. ती अखेरची का न्हाई ते मी ठरवणार. तेवढं माईकवर सांगा.”

मी सांगितलं. मैदानानं म्हाताऱ्याला उभं राहून टाळ्या दिल्या. गंमत पुढं आहे. तो फर्निचरवाला तोवर केवळ मेव्हणा पळवतो म्हणून बैल पळवत होता. त्या दिवसापासून तो गाडी जुंपण्याआधी बापाच्या पाया पडायला लागला. म्हातारा अजून मैदानात येतो, माझ्याकडं बघून हात वर करतो आणि ओरडतो, “अजून हाय बरं का!” माईकवर बोललेलं असं माणसाच्या अंगात शिरतं. मला त्याची मजा वाटायची. सुभेदार येईपर्यंत वाटत होती.

सुभेदार ज्ञानदेव कुंडलचे. फौजेतून रिटायर झालेले, ऊसवाले, मिशा पांढऱ्या आणि दोन्ही बाजूंनी सारख्या कातरलेल्या. त्यांच्या खिल्लार बैलाचं नाव कॅप्टन; जोडीचा दुसरा बैल दर मैदानाला दुसऱ्या मालकाचा. मी त्यांना दरवेळी एकच कारण देत आलो होतो : “देशाची सीमा राखली, आता गावाची इज्जत राखतायत!” हे म्हटलं की बायकासुद्धा टाळ्या वाजवत.

मागच्या श्रावणात ते माझ्या कोरेगावच्या घरी आले. पावसाळ्यात रानं चिखल झालेली असतात, मैदानं बंद असतात, समालोचक घरात भाजी निवडत बसलेला असतो. सुभेदार दारात सावधान उभे राहिले.

“चाचा, तुमी मैदानात म्हणता, मी गावाची इज्जत राखाय बैल पळवतो. हे तुमाला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. अंदाज.”

“अंदाजाला आधार काय?”

“मिशा,” मी खरं ते सांगितलं.

त्यांनी मिशीवरनं बोट फिरवलं आणि ते खाली बसले. मग सगळी हकिगत कळली. त्यांची मुलगी सांगलीला बँकेत आहे. बाप रिटायर झाल्यापासून घरातल्या चपला उंचीप्रमाणं लावतो, हे बघून तिला काळजी वाटली. तिनं त्यांना पाचगणीला एका हॉटेलात शिबिराला पाठवलं. स्वतःला समजून घ्या, समाधानानं जगा, अशा नावाचं काहीतरी. तिथल्या सरांनी सगळ्यांना डोळे मिटायला लावले आणि सांगितलं की आपल्या आयुष्याकडं त्रयस्थासारखं बघा. जणू कुणी दुसराच तुमचं वर्णन करतोय. आणि प्रत्येक गोष्ट करताना स्वतःला विचारा, का? उत्तर आलं की त्याला परत विचारा, का? सर्वात खाली जे उरेल ते तुमचं खरं कारण.

“मग?” मी म्हणालो.

“मी लय प्रयत्न केला. ‘सुभेदार दात घासतोय’ एवढं म्हणलं की तोंडात फेस. फुडचं बोलताच येत न्हाई. आन सोताला का इचारलं की सोताच दटावतो, गप बस म्हणून. फौजेत आख्खं आयुष्य ‘का’ इचारायची परवानगी नव्हती, चाचा. सगळं आत तटून ऱ्हायलंय. तवा म्हणलं, ज्याचं काम त्यानं करावं. दाढीला न्हावी, वर्णनाला चाचा.”

मला वाटलं, चेष्टा करतायत. पण सुभेदार चेष्टा करणाऱ्यातले नव्हते. “तुमी चार दिवस घरी या. मी उठल्यापास्नं झोपस्तवर माझं वर्णन करा, आन मधी मधी का म्हणून इचारा. खालचं कारण घावलं की तुमी मोकळं.”

“माईक कशाला लागतोय मग? असंच बोलू.”

“माईकशिवाय म्हंजी नुसत्या गप्पा झाल्या,” सुभेदार म्हणाले.

भाजी निवडून मीही कंटाळलो होतो. माईक आणि स्पीकरचा छोटा बॉक्स घेऊन मी कुंडलला गेलो. सुभेदारांच्या बायको सुमनवहिनींनी कोरा चहा दिला.

पहिल्या सकाळी बॉक्स ओसरीवर ठेवला, घसा साफ केला आणि सुरुवात केली. “सुभेदार उठलेले आहेत! सुभेदारांनी अंथरुणाला हात घातलाय! घडी... दुसरी घडी... चारी कोपरे बरोबर! सुभेदार, घडी का?”

“सवय हाय.”

“सवय का?”

“हुकूम हुता.”

“कुणाचा हुकूम?”

सुभेदारांनी पलटणीतल्या साहेबांचं नाव घेतलं. “पर ते वारलं.”

“मग आता घडी कुणासाठी?”

सुभेदारांनी घातलेली घडी परत उलगडून बघितली. दुसऱ्या दिवशी त्यांनी अंथरूण तसंच विस्कटलेलं ठेवलं आणि ओसरीवर येऊन तोंड पाडून बसले. दुपारी जेवण झाल्यावर आत गेले, घडी घातली आणि बाहेर येऊन मला म्हणाले, “कुणासाठी न्हाई. मलाच बरं वाटतंय.” मी ते लगेच माईकवर जाहीर केलं. एक कारण मिळालं होतं, तेही त्यांचं त्यांना. खरं सांगतो, मला फायनल जिंकल्यागत आनंद झाला.

माईक लागला म्हटल्यावर गाव थोडंच घरात बसणार. दुसऱ्या दिवसापासून सुभेदारांच्या अंगणाच्या दगडी गडग्यावर माणसं बसायला लागली. सुभेदारांनी भाकरी मोडली तरी “हुर्र्यो” व्हायचं. सरपंच आले आणि खुर्चीत बसून म्हणाले, “चाचा, आमचं बी जरा करा की.” मी म्हटलं, करू. “सरपंच आलेले आहेत! पांढरे कपडे, चकचकीत बूट! सरपंच खुर्चीत बसलेत! का?” सरपंचांनी इकडं तिकडं पाहिलं, गाडी आडवी लागलीय असं काहीतरी पुटपुटले आणि उठून गेले. नंतर मी असेपर्यंत ते मागच्या गल्लीनं ये-जा करत होते.

शुक्रवारी दुपारी मी नमाजला गेलो. परत आलो तर सुभेदार जसे सोडून गेलो तसेच कट्ट्यावर, हात मांडीवर ठेवून. म्हटलं, हे काय? म्हणाले, “वर्णन करणारा न्हाई म्हणल्यावर करून उपेग काय?” हे प्रकरण कुठं जाऊन थांबणार, काही समजेना.

तशात एक धंद्याची अडचण उभी राहिली. समालोचकाचा एक नियम असतो. जो पुढं असेल त्याचं नाव घ्यायचं, मग पैसे कुणीही दिलेले असोत. मला सुभेदारांनी आणलं होतं, पण त्या घरात सुभेदार कुठल्याच गोष्टीत पुढं नव्हते. “सुभेदार गोठ्याकडं निघालेत... पण शेण काढून झालेलं आहे! वहिनी आघाडीवर! सुभेदार वैरणीकडं वळतायत... वैरण पडलेली आहे! वहिनी परत एक नंबर! सुभेदारांनी बंबाकडं मोर्चा वळवलाय, पण बंब पेटलेला आहे, पाणी तापलेलं आहे, वहिनींनी मैदान मारलंय!” गडग्यावरच्या बायकांनी शिट्ट्या वाजवल्या.

सुमनवहिनी घागर घेऊन जागच्या जागी थांबल्या. माझ्याकडं असं पाहिलं की माझा आवाज आपोआप खाली आला. “भावजी, माझं नाव घ्यायचं काम न्हाई,” म्हणाल्या आणि आत गेल्या.

शेवटी आम्ही बैलापाशी आलो. सुभेदार कॅप्टनला खरारा करत होते. मी विचारलं, “बैलाचं नाव कॅप्टन का?”

सुभेदारांचा हात थांबला. कान लाल झाले. “रिटायर व्हताना मला ऑनररी कॅप्टन मिळंल असं सगळी म्हणत हुती. न्हाई मिळालं.”

“म्हणून बैलाला दिलं?”

“घरात कुणीतरी व्हायला पायजे हुतं.”

यावर गडगा हसला नाही. मीही पुढचं ‘का’ गिळलं. वाईट वाटलं मला. पण सुभेदारांनीच मान हलवली, चालू ठेवा म्हणून. आता ते खालपर्यंत जायच्या जिद्दीला पेटले होते.

“सुभेदार, मुळात बैल का ठेवला?”

आणि सुभेदार छाती पुढं काढून म्हणाले, “सुमनसाठी.”

हे माझ्या तीन कारणांत नव्हतं. मी माईक त्यांच्या तोंडाजवळ नेला.

“मी बॉर्डरवर, ही हितं एकटी. एकदा सुट्टी संपून निघालो तवा म्हणाली, दावणीला एखादं जनावर असतं तर घर भरल्यागत वाटलं असतं. ते मी ध्यानात ठेवलं. रिटायर झालो आन पहिलं काम काय केलं असंल तर बैल आणला. तिची हौस हाय म्हणून पळवतो. मला सोताला मैदानात जाऊ वाटत न्हाई, चाचा. तो डीजे, ते फटाके. कान दुखत्यात माझं. पर तिच्या हौसंपुढं काय न्हाई.”

स्वयंपाकघरातला भाकरी थापायचा आवाज बंद झाला. वहिनी बाहेर आल्या. हाताला पीठ तसंच. त्यांनी माझ्या हातातला माईक काढून घेतला. आजवर मंत्र्यानंसुद्धा माझ्या हातातून माईक असा काढून घेतलेला नाही.

“म्हैस,” वहिनी म्हणाल्या. बॉक्समधून ते आख्ख्या आळीला ऐकू गेलं. “मी म्हशीबद्दल बोलले हुते.”

सुभेदारांच्या हातातून खरारा पडला.

“दूध तरी झालं असतं घरात! कोंबड्या माझ्या, अंडी ह्याला. विकतचं दूध आणायचं, ते बी ह्याला. आमी आपलं कोरा च्या पितोय. तरी मी म्हणलं, असूंदे. एवढी वर्षं माणसानं बर्फात काढली, एक हौस हाय त्याची, आपण कशाला मोडता घालायचा? म्हणून शेण काढलं, वैरण टाकली. आन तुमी म्हणताय माझ्यासाठी?”

गडग्यावरची माणसं एकेक करून खाली उतरली आणि घरी गेली. कुणाला जा म्हणावं लागलं नाही. वहिनींनी माईक माझ्या हातात परत दिला, पदरानं त्यावरचं पीठ पुसलं आणि आत गेल्या. बैल तेवढा निवांत रवंथ करत होता. त्या घरात आपण कुणालाच नको होतो, हे त्याला कोण सांगणार?

सुभेदार पायरीवर बसले. “चाचा, मग एवढी वर्षं आमी दोघांनी केलं तरी काय?”

याचं उत्तर शिबिरातल्या सरांकडं असावं, पण ते पाचगणीला.

सुभेदारांनी फौजी पद्धतीनं निकाल लावला. कारण खोटं निघालं, तर बैल काढायचा. दुसऱ्याच दिवशी त्यांनी पुण्याकडच्या एका व्यापाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, दिवाळीनंतर कोरेगावला मैदान आहे, तिथं पळताना बघतो आणि तिथूनच गाडीत भरतो. ठरलं. आता खरं म्हणजे घर हलकं व्हायला हवं होतं. पण त्या दोघांचं बोलणंच बंद झालं. इतके दिवस ती दोघं सकाळ-संध्याकाळ बैलाबद्दल बोलत : खाल्लं का, बसलाय का, शिंकला का. आता तो विषय संपला आणि दुसरा काढावा तर कुणाला सुचेना. जेवताना सुभेदार ताटाकडं बघत आणि वहिनी भिंतीकडं. मला वाटलं, माझ्या त्या ‘का’नं बैल नव्हे, संसारच दावणीचा सुटतोय.

मी वायर गुंडाळत होतो तेव्हा वहिनी ओसरीवर आल्या. सुभेदार तिथंच होते, पण त्या बोलल्या माझ्याशी.

“भावजी, मी तो पळताना कवाच बघितला न्हाई.”

“कधीच नाही?”

“मैदान असलं की मी घरी वाट बघत बसायची. फोनवर मैदान लाईव्ह लावायची, ते बी नुसतं ऐकायची, हात कामात. मला त्या बैलाचं जे काय ठावं हाय ते सगळं तुमी बोललेलं. तुमी म्हणला वाघ, मी म्हणायची वाघ असंल. आता इकायच्या आधी एकदा माझं मी बघते. येते मी कोरेगावला. बघितल्यावर सांगीन, ठेवायचा का द्यायचा.”

“या की,” मी म्हणालो.

“पर तुमी गप बसायचं. तो सुटला की एक शबुद बोलायचा न्हाई. तुमी बोलाय लागला की मला माझं काय वाटतंय तेच कळत न्हाई.”

सुभेदार खाली बघत म्हणाले, “मला बी बघायचंय.”

“तुमी तर दरवर्षी बघताय की.”

“आतापर्यंत तुझ्या वतीनं बघत हुतो,” सुभेदार म्हणाले.

त्या दिवशी वहिनींनी त्यांना दुसऱ्यांदा भात वाढला.

समालोचकानं गप बसायचं म्हणजे काय, हे बाहेरच्याला समजणार नाही. मैदानात मी थांबलो की लोकांना वाटतं अपघात झाला. कमिटीनं मला बोलण्यासाठी आणलेलं असतं, रंगाच्या दुकानापासून पेंडीच्या दुकानापर्यंत सगळ्या देणगीदारांची नावं प्रत्येक गटात जायला लागतात. आणि आता नव्या पोरांची मागणी वाढलीय, ती मोबाईलवरून वाघाची डरकाळी लावतात, हेलिकॉप्टरचा आवाज काढतात. माझा घसा पहिल्यासारखा नाही. कोरेगाव हे माझं घरचं मैदान, तिथं मुकं राहिलो असतो तर पुढच्या वर्षी बोलावणं आलं असतं की नाही, देव जाणे. मी कमिटीच्या अध्यक्षाला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. तो उसाच्या गाड्यांचा ठेकेदार, रडका माणूस नाही. ऐकून त्यानं देणगीदारांची यादी परत चाळली. मग म्हणाला, “देणगीदार आदीच दोनदा घ्या. आन कुणी इचारलं तर म्हणू, वायर तुटली.”

मैदानाच्या दिवशी वहिनी नवं लुगडं नेसून आल्या होत्या. फाट्यांच्या शेजारच्या बांधावर दोघं उभी राहिली. मधे एक माणूस मावेल एवढं अंतर. पलीकडं काळा चष्मा लावून पुण्याकडचा व्यापारी, आणि त्याच्यामागं फळी खाली सोडलेला त्याचा टेम्पो. मला मंडपातून सगळं दिसत होतं. मी देणगीदार दोनदा घेतले. गाड्या रेषेवर आल्या. कॅप्टन पुढचे पाय नाचवत होता. झेंडा पडला आणि मी माईक तोंडापासून लांब धरला.

पहिल्यांदा सगळ्यांनी मंडपाकडं पाहिलं. कुणीतरी ओरडलं, “लाईट गेली काय रं?” मग लोक गप झाले आणि ऐकू यायला लागलं. खुरांचा आवाज. छकड्याच्या चाकांचा खडखडाट. बैलांचे श्वास, ड्रायव्हरांच्या आरोळ्या. मी इतकी वर्षं मैदानात काढली, पण शर्यत ऐकली ती त्या दिवशी पहिल्यांदा.

गाड्या निम्म्यात आल्या आणि बांधावरून हाक आली, “पळ रं माझ्या राजा! पळ! पळ रं!” वहिनी टाचा उंचावून उभ्या होत्या, पदर खांद्यावरून घसरलेला, मूठ वळलेली. नरड्याच्या शिरा ताणल्या होत्या. त्यांचा आवाज या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला, विनामाईक. आणि त्यांच्याशेजारून परेडच्या मैदानावरचा आवाज उठला, “कॅप्टन! दौडके चल!” सुभेदारानं कॅप्टनला हुकूम सोडलेला मी तरी दुसरीकडं कुठं ऐकलेला नाही.

गाड्या पार झाल्या. हजारो माणसं माझ्याकडं बघायला लागली, निकाल सांगा म्हणून. आणि माझ्या ध्यानात आलं की मी गाड्यांकडं बघितलंच नव्हतं. मी बांधाकडं बघत होतो. शेवटी ड्रोनवाल्याला बोलावून त्याचं चित्र परत बघितलं. कॅप्टन तिसरा. म्हणजे घरी.

मी माईक अध्यक्षाच्या हातात कोंबला आणि बांधाकडं पळालो. कॅप्टनला सोडून आणलं होतं. तोंडाला फेस, पोट वरखाली होत होतं. वहिनींनी त्याच्या वशिंडावर हात ठेवला होता आणि दुसऱ्या हातानं डोळे पुसत होत्या. सुभेदारांनी कासरा धरला होता. मधलं ते एका माणसाचं अंतर कुठं गेलं होतं कुणास ठाऊक.

व्यापारी आला. चष्मा कपाळावर चढवून म्हणाला, “तिसरा तर तिसरा, चाल चांगली हाय. बोला सुभेदार, भरायचा?”

सुभेदारांनी वहिनींकडं पाहिलं. मीही पाहिलं. आसपासची माणसंसुद्धा आपापले बैल सोडून तिथंच थांबली.

“ठेवायचा,” वहिनी म्हणाल्या.

सुभेदार पाचगणीला जाऊन आलेले. त्यांच्या तोंडून निघून गेलं, “का?”

वहिनींनी बैलावरचा हात काढला आणि टेम्पोकडं बोट केलं. “आता का म्हणून इचारलं, तर त्यात तुमाला भरीन.”

सुभेदारांचं तोंड उघडंच राहिलं. मग त्यांच्या मिशा हलायला लागल्या, पोट हलायला लागलं, आणि तो माणूस कासरा हातात धरून मैदानात मोठ्यानं हसायला लागला. मी त्यांना त्याआधी कधी हसताना पाहिलं नव्हतं. कशाला हसताय, असं विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं. मी विचारलं नाही.